नऊ महिन्यांची साक्ष

सातव्या महिन्यात मी जिना कठडा न धरता चढले, तेव्हा आई म्हणाली, "पोटातल्या बाळाचे पाय तुला लागलेत!" मल्टिपल स्क्लेरॉसिस जडून मला चार वर्षं झाली होती. बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं आणि पाच दिवस सलाईनमधून स्टेरॉइड घ्यावं लागलं. मधले नऊ महिने मला कुणी बरं केलं होतं, हा प्रश्न तेव्हापासून सुटला नाही.

या आजारात प्रतिकारशक्ती चेतातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावरच उलटते. पॅरिसच्या सालपेट्रिएर रुग्णालयात शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचं नेमकं वर्णन केलं. त्यावर हॉर्मोनने उपचार करण्याची वाट मात्र संधिवाताच्या अंगाने आली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांना १९२९ मध्ये एक रुग्ण भेटला. कावीळ झाल्यावर त्याचे सांधे मोकळे झाले होते. गरोदर बायकांमध्येही असंच घडतं, हे हेंच यांनी पुढे टिपलं. शरीरच काहीतरी औषध तयार करत असणार, या विचाराचा माग काढत १९४८ मध्ये ते कॉर्टिसोनपर्यंत पोचले. १९५० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माझ्या सलाईनमधलं औषध त्याच कुळातलं.

आमच्या दुखण्यावर आधी आलं ते एसीटीएच, डुकरांच्या पियुषिका ग्रंथींमधून काढलेलं हॉर्मोन. १९७० च्या अमेरिकी चाचणीत त्याने अटॅकमधून लवकर सावरता येतं असं दिसलं. १९९२ मध्ये डोळ्याच्या नसेला सूज आलेल्या ४५७ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडने नजर लवकर परतली. वर्षभराने मात्र ते घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांची नजर जवळपास सारखीच होती.

गरोदरपणाला मात्र दीर्घकाळ धोकाच मानलं गेलं. अनेक डॉक्टर मूल होऊ देऊ नका असं सांगत. १९९८ मध्ये युरोपातल्या बारा देशांतल्या २५४ स्त्रियांच्या नोंदी आल्या. वर्षाला सरासरी अटॅक: गरोदरपणाआधी ०.७, शेवटच्या तिमाहीत ०.२, बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत १.२. ते आकडे वाचताना मला माझाच जिना आठवला, माझंच धुकं आठवलं.

वारेतून तयार होणारं एस्ट्रिऑल गरोदरपणात भरपूर वाढतं. लॉस एंजेलिसमध्ये ऱ्होंडा व्होस्कुल यांच्या गटाने ते दहा स्त्रियांना रोज आठ मिलिग्रॅम दिलं. २००२ मध्ये निष्कर्ष आले. एमआरआयवरचे ताजे डाग घटले, गोळी थांबवल्यावर परतले. २०१६ मध्ये १६४ स्त्रियांची चाचणी आली. नेहमीच्या इंजेक्शनसोबत एस्ट्रिऑल घेणाऱ्यांना वर्षाला ०.२५ अटॅक आले, न घेणाऱ्यांना ०.३७. फरक आशेचा आहे, पण निर्णायक नाही. मोठी चाचणी हवी, असं संशोधकांनीच लिहिलं. म्हणून अशा गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, हे मी प्रत्येक मैत्रिणीला कळकळीने सांगते.

पण हेही सांगते: हेंच यांनी रुग्णांचं ऐकलं, म्हणून ते कॉर्टिसोनपर्यंत पोचले. माझ्या केसपेपरवर बाळंतपणानंतरचा अटॅक आहे, आधीचे नऊ महिने नाहीत. ते मी तारखांसह वहीत लिहून ठेवलेत. लेकीच्या जन्माआधीचं पहिलं पान कठडा सोडला त्या दिवसाचं आहे.