तिखटाचे माप

तिखट किती, हा प्रश्न जिभेलाच विचारण्याची आपली वहिवाट. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर मिरची गोव्यास उतरली. तेव्हापासून 'लवंगी' म्हटले की आपले भागते. पुढे शास्त्राने हा प्रश्न हाती घेतला, तेव्हा त्यालाही आरंभी जिभेलाच शरण जावे लागले.

1912 साली डेट्रॉइट येथे पार्क-डेव्हिस या औषधी कंपनीत विल्बर स्कोव्हिल यांनी तिखट मोजण्याची रीत बसविली. मिरचीचा मद्यार्कात अर्क काढावयाचा, आणि तिखटाची जेमतेम चाहूल लागेपर्यंत तो साखरेच्या पाण्यात पातळ करावयाचा. जितके पट पातळ केला, तितके अंक. चाखणारे पाच. परंतु जीभ चार घोटांत बधिर होते, आणि एकाची जीभ दुसऱ्याची नव्हे. पुढे यंत्रे आली. ती अर्कातील कॅप्साइसिन व त्याची भावंडे वेगळी काढून मोजतात. आकडा मात्र अजून स्कोव्हिलच्याच नावाने सांगतात.

आता आपल्याच देशातील कथा पाहा. 2000 साली तेजपूरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी ईशान्येकडील एका मिरचीचा आकडा 8,55,000 असल्याचे प्रसिद्ध केले. तेव्हाचा विक्रम कॅलिफोर्नियाच्या 'रेड सॅव्हिना'चा, 5,77,000. बाहेर अनेकांनी शंका घेतली. पुढे न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाने तेच वाण आपल्या शेतात लावले. 2005 च्या पिकाचा आकडा 10,01,304 भरला, आणि 2007 साली गिनेसच्या ग्रंथात त्याची नोंद झाली. गंमत अशी, की शेजारीच लावलेली रेड सॅव्हिना 2,48,556 वर थांबली! माती, ऊन, पाणी बदलले की तिखट बदलते. म्हणजे आकडा वाणाचा खरा, पण त्या शेताचा आणि त्या हंगामाचाही.

तो विक्रमही टिकला नाही. 2023 साली अमेरिकेतील 'पेपर एक्स'ने 26,93,000 गाठले. मोजमापाला आम्ही तुच्छ लेखीत नाही. तेजपूरचे म्हणणे जगाने मानले ते दुसऱ्या मोजणीनंतरच. परंतु आसामात भूत जोलोकिया, मणिपुरात उमोरोक, नागालँडात राजा मिर्चा अशी नावे देऊन ज्यांनी परसात हे बी पिढ्यान् पिढ्या राखले, त्यांना विक्रमाच्या नोंदवहीत रकानाच नव्हता. 2008 साली नागा मिरचीला भौगोलिक निर्देशन मिळाले, तेव्हा निदान भूमीचे नाव तरी कागदावर चढले. श्रोतेहो, आकड्याचा इतिहास वाचताना बियाण्याचा इतिहासही विचारावा, इतकेच आमचे मागणे आहे.