रामन परिणाम, अब्जांश कण आणि मावळातील गवती चहा

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी के. एस. कृष्णन यांच्या सहकार्याने २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात लावलेल्या शोधामुळे विखुरलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखता येऊ लागले. तथापि हा प्रकाश अत्यंत क्षीण असल्याने अल्पप्रमाणातील रसायने त्यात उमटत नसत. १९७४ मध्ये साउदॅम्प्टन येथे फ्लाइशमन, हेन्ड्रा व मॅक्विलन यांना खडबडीत केलेल्या चांदीच्या इलेक्ट्रोडवर पिरिडीनचे ठळक संकेत आढळले. वाढलेल्या पृष्ठभागावर अधिक रेणू चिकटल्याचा हा परिणाम होय, असे त्यांनी मानले. १९७७ मध्ये जीनमेर व व्हॅन डाइन यांनी हे कारण अपुरे ठरविले. वृद्धी लाखो पटींची होती. धातूतील इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक दोलनामुळे टोकांशी व कणांमधील फटींत विद्युतक्षेत्र तीव्र होते, हे पुढे स्पष्ट झाले.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी अब्जांश कण घडविले. मावळ-लोणावळ्याच्या परसांतील ही परिचित वनस्पती. तिच्या साहाय्याने लाभलेले टोकदार कोपरे रसायनशोधनास अनुकूल ठरतात. मात्र सुटे कण एकमेकांस चिकटून गोळा होतात. म्हणून ते सिलिका, बहुवारिक किंवा कागदात बसवून संमिश्रे तयार करतात. तरीही फटींचे अंतर किंचित बदलताच संकेत बदलतो. अन्नातील कीटकनाशकाबाबत विश्वासार्ह निर्णय द्यावयाचा, तर प्रत्येक पट्टीवर समान संकेत मिळणे आवश्यक आहे. सारांश, १९७४ चा धडा आजही लागू पडतो : संकेत दिसणे आणि त्याचा अर्थ लागणे या भिन्न गोष्टी होत.