सैल जोड म्हणजे काय?



संगणकावरील दोन सॉफ्टवेअर-प्रणाली एकमेकींस जोडावयाच्या झाल्या म्हणजे ‘जोड सैल ठेवा’ असा उपदेश तज्ज्ञ करतात. मात्र सैल कशास म्हणावें, याविषयीं पन्नास वर्षें होऊनही त्यांच्यांत एकमत नाहीं.

१९७२ सालीं डेव्हिड पार्नास यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, पुढें बदलण्याचा संभव असलेला प्रत्येक निर्णय प्रोग्रॅमच्या एकेका भागांत झांकून ठेवावा. इतर भागांस त्याचा पत्ता लागूं नये. १९७४ सालीं स्टीव्हन्स, मायर्स व कॉन्स्टंटाइन यांनीं आपल्या निबंधांत ‘कपलिंग’ या कल्पनेचें विवेचन केलें. दोन भागांमधील संबंध किती बळकट आहे, याचें तें माप. संबंध जितका बळकट, तितका एकांतील फेरफाराचा धक्का दुसऱ्यास अधिक.

याच सुमारास, १९७६ सालीं, कार्ल वाइक या विद्वानानें शाळांस ‘सैल जोडलेल्या संस्था’ म्हटलें. शाळेंत हयात घालविलेल्या मजसारख्यास तें तत्काळ पटतें. भूगोलाच्या शिक्षकानें पाठाची पद्धत बदलली तरी कारकुनाच्या फीच्या वहीस त्याचा उपसर्ग होत नाहीं. घंटा मात्र दोघांसही एकच!

पुढें निरनिराळ्या संस्थांच्या प्रणाली इंटरनेटवरून बोलूं लागल्या, तेव्हां वाद वाढला. एक पक्ष म्हणे, टपालाप्रमाणें संदेश रांगेंत ठेवावा. घेणारा त्या क्षणीं जागा नसला तरी अडूं नये. दुसरा म्हणे, प्रत्येक सेवेनें आपला तपशीलवार करारनामा प्रसिद्ध करावा. मग आंतील भाषा कोणतीही असो. रॉय फील्डिंग यांनीं २००० सालच्या आपल्या प्रबंधांत सांगितलें कीं, क्रिया थोड्या व सर्वत्र सारख्या असाव्या. एकानें काळाचें बंधन सैल केलें, दुसऱ्यानें भाषेचें, तिसऱ्यानें क्रियांचें. परंतु अर्थाचें बंधन कोणासही सोडतां आलें नाहीं.

तें सुटलें म्हणजे काय होतें, हें एका यानानें दाखविलें. ११ डिसेंबर १९९८ रोजीं अमेरिकेच्या नासा संस्थेनें ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ मंगळाकडे सोडलें. त्याच्या लहान इंजिनांनीं दिलेल्या धक्क्यांचे आंकडे कंत्राटदाराच्या प्रोग्रॅममधून निघत आणि फाईलींतून मार्ग आंखणाऱ्यांकडे जात. जोड वरवर अगदीं सैल: एकानें लिहावें, दुसऱ्यानें वाचावें. लेखी ठराव न्यूटनच्या मापाचा होता. आंकडे आले पौंडाच्या मापांत. दोहोंत सुमारें ४.४५ पटींचा फरक. पण नुसत्या अंकाकडे पाहून तो कळावा कसा? २३ सप्टेंबर १९९९ रोजीं मंगळाच्या पृष्ठापासून सुमारें २२६ किलोमीटरांवरून जावयाचें यान ५७ किलोमीटरांइतकें खालीं गेलें, आणि कायमचें नाहींसें झालें.

तेव्हां सैल जोड म्हणजे कराराचा अभाव नव्हे. करारांतील कलमें थोडीं असावीं. पण जीं असतील तीं स्पष्ट लिहावीं, आणि पाळलीं जातात कीं नाहीं हें वरचेवर तपासावें. आज बँका, रुग्णालयें, रेल्वेचें आरक्षण या सर्वांच्या प्रणाली परस्परांशीं बोलतात. त्यांची जोड सैल आहे असें कोणी सांगितलें, तर आपण एवढेंच विचारावें: दोघांस समान अशी घंटा कोणती, आणि ती दोघांस सारखीच ऐकूं येते, याची खात्री कोण करून घेतो?