तारवणीवाला गेला, ऑपरेटर उरला

ज्या शेअरचे दिवसाकाठी जेमतेम शे-दोनशे नगांचे सौदे होतात, त्याचा भाव हलवायला कुबेर असावे लागत नाही. प्रवर्तकांकडे 75 टक्क्यांपर्यंत शेअर असू शकतात, उरलेल्यांतले बरेच वर्षानुवर्षे जागचे हलत नाहीत. फिरता माल थोडा. तो ज्याच्या मुठीत, भाव त्याचा. दलाल स्ट्रीटवर या माणसाला ऑपरेटर म्हणतात.

त्याचा मूळपुरुष बहुधा मुंबईचा दलाल प्रेमचंद रायचंद. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आणले आणि तो पैसा त्याच्यासारख्यांच्या हातून कंपन्यांच्या शेअरांत शिरला. बॅक बे रिक्लमेशनचा 5,000 रुपयांचा शेअर 50,000 च्या घरात गेला. युद्ध संपले, 1 जुलै 1865 ला वायदे पुरे करायची वेळ आली तेव्हा पैसे कुणाकडेच नव्हते. दलालांनी रीतसर संघटना बांधली ती त्यानंतर, 1875 मध्ये.

पुढे मुंबईच्या रिंगणात तारवणीवाला उभा राहिला. लंडनचा जॉबर तो हाच. घेण्याचा आणि विकण्याचा, दोन्ही भाव तो ओरडून सांगे, स्वतःच्या खिशातून सौदा करी आणि मधल्या फरकावर जगे. माल कमी असला की हा फरक तो बेलाशक वाढवी, साधुसंत नव्हताच. पण उद्या त्याला त्याच लोकांपुढे उभे राहायचे असे, आणि माझ्या मते हा वचक कायद्याहून मोठा होता.

मार्च 1995 मध्ये मुंबई शेअर बाजारात ‘बोल्ट’ या संगणकी सौद्यांच्या यंत्रणेची स्क्रीन आली. मोठ्या शेअरांचे भले झाले, दरांतली तफावत घटली. लहान शेअर मात्र तारवणीवाला गेल्याने पोरके झाले.

त्याची रिकामी जागा केतन पारेखसारख्या दलालांनी ओळखली. ‘के-10’ म्हणून गाजलेल्या शेअरांत फिरता माल बेताचाच असलेले काही होते. आपल्याच माणसांत सौदे गोल फिरवायचे, उलाढाल फुगवायची, भाव चढला की माल लोकांच्या गळ्यात मारायचा. मार्च 2001 मध्ये फुगा फुटला, कोलकात्याच्या बाजारात दलाल पैसे बुडवून बसले, आणि त्याच वर्षी सौदे पुढे ढकलण्याची ‘बदला’ पद्धत बंद झाली.

बाजार नियंत्रक सेबीने 2003 मध्ये फसव्या व्यवहारांविरुद्धचे नियम नव्याने आणले. भावाच्या रोजच्या चढउताराला मर्यादा घालणारे सर्किट, प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी सक्तीची करणारा टी गट, ठरावीक वेळी होणारा लिलाव हे लगामही आले. तरी सेबीच्या आदेशांत आजही तेच सापडते: एकेका नगाचे सौदे, प्रत्येक सौदा मागच्यापेक्षा थोडा चढा. 2023 च्या साधना ब्रॉडकास्ट प्रकरणात टिप देण्याचे काम यूट्यूबने केले, एवढाच फरक.

गंमत अशी, की 2012 मध्ये लघुउद्योगांसाठी वेगळा मंच निघाला तेव्हा कायद्यानेच तारवणीवाला परत बोलावला. तिथे नोंदणीनंतर किमान तीन वर्षे मार्केट मेकरने दोन्ही भाव देणे सक्तीचे आहे. तीन वर्षांनंतर ही सक्ती उरत नाही. तेव्हा असा शेअर घेण्याआधी कालचा भाव पाहू नका. समोर घेणारा किती नग मागतोय ते पाहा.