गर्भावधी मधुमेह : प्रसूतीची पूर्वतयारी

गरोदरपणात उद्भवलेला मधुमेह असताना बाळंतपण सुखरूप व्हावे यासाठी करावयाची वैद्यकीय व घरगुती सिद्धता. वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे मातेच्या शरीरात इन्शुलिनचा प्रभाव घटतो आणि रक्तशर्करा वाढते. ही शर्करा वारेतून गर्भापर्यंत पोचते. मातेचे इन्शुलिन मात्र पोचत नाही. त्यामुळे गर्भाचे स्वादुपिंड स्वतःच जादा इन्शुलिन तयार करते व बाळ गरजेपेक्षा अधिक अंग धरते. पूर्वतयारीतील बहुतेक बाबी या घडामोडीतून निघतात.

नियंत्रण : भारतातील शासकीय पद्धतीनुसार ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिल्यावर दोन तासांनी रक्तशर्करा १४० मिग्रॅ./डेसिलि. किंवा अधिक भरल्यास निदान होते. या चाचणीला उपाशीपोटी येण्याची अट नाही. दोन आठवडे आहार व व्यायाम सांभाळूनही जेवणानंतरची शर्करा १२० च्या खाली आली नाही, तर मेटफॉर्मिन किंवा इन्शुलिन सुरू करतात.

वेळ व पद्धत : शर्करा आटोक्यात असल्यास साधारणतः ३९ ते ४० आठवड्यांपर्यंत थांबतात. मधुमेह आहे एवढ्यावरून सिझेरियन ठरत नाही. मात्र सोनोग्राफीत बाळाचे अंदाजे वजन ४ किग्रॅ.हून अधिक दिसल्यास खांदा अडकण्याची भीती लक्षात घेऊन त्याचा विचार होतो. मुदतपूर्व प्रसूतीच्या शक्यतेमुळे बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टेरॉइड द्यावी लागली, तर मातेची शर्करा काही दिवस उसळते. तेव्हा तपासण्या वाढवाव्या लागतात.

घरची तयारी : पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा असल्याने उपचार मध्येच दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात. अशा वेळी शर्करेच्या नोंदींची वही, सोनोग्राफीचे अहवाल, माता व बाल संरक्षण कार्ड, ग्लुकोमीटर व त्याच्या पट्ट्या सोबत हव्यात. नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षाची सोय जवळपास कुठे आहे, याची चौकशी आधीच करून ठेवावी. कळा सुरू झाल्यावर किंवा कळा आणण्याच्या दिवशी इन्शुलिन घ्यायचे की नाही, हेही डॉक्टरांकडून अगोदर समजून घ्यावे. बहुधा सकाळची मात्रा टाळतात.

कळांचा काळ व जन्म : कळा चालू असताना शर्करा दर एक-दोन तासांनी तपासतात, गरजेनुसार शिरेतून इन्शुलिन देतात. वार पडताच मातेची इन्शुलिनची गरज झपाट्याने उतरते. बाळाचे उलट असते : नाळ कापल्यावर शर्करेचा पुरवठा थांबतो, पण त्याच्या रक्तातील इन्शुलिन चढेच राहते, त्यामुळे त्याची शर्करा घसरू शकते. म्हणून बाळाला त्वचेशी त्वचा लावून शक्यतो पहिल्या अर्ध्या तासात पाजावे व पुढे दर दोन-तीन तासांनी पाजत राहावे. टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन त्याची शर्करा तपासतात. बाळ सुस्त पडणे, थरथरणे किंवा दूध न ओढणे या खुणांकडे दुर्लक्ष करू नये. मध, साखरेचे पाणी वा गुटी चाटवू नये. चीक हाच पहिला आहार. अन्य जोखीम नसलेल्या स्त्रियांनी ३६ आठवड्यांनंतर हाताने चीक काढून साठवणे सुरक्षित असल्याचे ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत २०१७ मध्ये दिसले. तरीही ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.

नंतरची काळजी : बहुतेक स्त्रियांची शर्करा प्रसूतीनंतर पूर्ववत होते, पण पुढे टाइप-२ मधुमेहाचा धोका राहतो. डिंकाचे लाडू, साजूक तुपातला शिरा अशा बाळंतिणीच्या खाण्यात गूळ-साखरेचा हात आखडता ठेवावा. सहा आठवड्यांनी ग्लुकोज चाचणी पुन्हा करावी. बाळाच्या लसीकरणाच्या फेरीलाच ती उरकता येते. पुढील गरोदरपणात ही तपासणी पहिल्याच भेटीत व्हावी.