जायफळाचं बेट आणि माळवदाचं गाव

गेल्या शनिवारी घरी श्रीखंड होतं. जायफळ किसायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे. किसता किसता मुलीनं विचारलं, "बाबा, जायफळाचं चित्र झेंड्यावर असलेला देश कोणता?" शाळेच्या क्विझचा प्रश्न! मला येईना. आमच्या धंद्यात उत्तर आलं नाही की शोधायचं, आणि मग मूळ काम सोडून तिसरीकडेच भरकटायचं. तसंच झालं.

उत्तर आहे ग्रेनाडा. कॅरिबियन समुद्रातला ३४४ चौरस किलोमीटरचा देश. आमच्या धाराशिव जिल्ह्यात असे वीस तरी मावतील. लोकसंख्या लाख-सव्वा लाख, राजधानी सेंट जॉर्जेस. आधी फ्रेंच आणि मग इंग्रज मालक. ऊसमळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबायचे. १८३८ मध्ये ते पूर्ण मोकळे झाले आणि मळेवाल्यांना मजूर मिळेनात. मग कलकत्त्याहून माणसं भरून नेली. 'मेडस्टोन' नावाचं पहिलं जहाज १ मे १८५७ ला तिथे पोचलं. इकडे मेरठला ठिणगी पडायला अजून नऊ दिवस होते!

जायफळ तिथलं नव्हेच. ते इंडोनेशियाकडून १८४३ च्या सुमारास आलं आणि असं रुजलं की १९७४ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा थेट झेंड्यावर जाऊन बसलं. पुढे १९७९ मध्ये मॉरिस बिशप यांनी क्रांती केली. १९८३ च्या ऑक्टोबरात त्यांच्याच पक्षातल्या भांडणात त्यांना गोळ्या घातल्या, आणि सहा दिवसांत अमेरिकेचं सैन्य उतरलं. इतक्याशा बेटावर इतकं सगळं! आज तिथल्या विमानतळाला बिशप यांचंच नाव आहे.

पण मी अडकलो ते ७ सप्टेंबर २००४ या तारखेवर. त्या दिवशी 'आयव्हन' चक्रीवादळ आलं. दहातल्या नऊ घरांचं नुकसान झालं. जायफळाची बहुतेक झाडं आडवी झाली. माणसं गेली ती चाळीसच्या आत.

माझं मूळ गाव सास्तूर. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून गाव झोपलं होतं. जाडजूड दगडी भिंती, चिखलात बांधलेल्या, वर माळवदाचं मातीचं ओझं. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच घर अंगावर आलं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून जवळपास १०,००० माणसं गेली. आजी अंगणात बाजेवर झोपली होती म्हणून वाचली. पुढे आयुष्यभर ती छताखाली म्हणून झोपली नाही. नव्या गावठाणात पक्कं घर मिळालं, तरी बाज बाहेरच.

वादळ निदान दिसतं. आकाशातून उपग्रह बघतात, रेडिओ ओरडतो, माणूस आडोसा गाठतो. भूकंप विचारत नाही. म्हणून तिथे माणसं वाचली आणि झाडं गेली. आमच्याकडे उलटं. शिवारात ज्वारी-तूर पेरायला रान जागेवर होतं, पेरणारी माणसं नव्हती.

मग वाटलं, त्यांचं बरंच म्हणायचं. पण जायफळाचं झाड लावलं तर फळ धरायला सहा-आठ वर्षं जातात, भरात यायला त्याहून कितीतरी जास्त. शिवाय रोप नर की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही. नर निघालं तर इतकी वर्षं पाणी घालून हाती शून्य. आयव्हननंतर दहा महिन्यांनी 'एमिली' वादळ आलं. २०२४ च्या जुलैत 'बेरिल' आलं आणि कॅरियाकू हे त्यांचं धाकटं बेट उघडं पाडून गेलं. तरी लोक रोपं लावतातच.

सर्व्हर पडला की आम्ही बॅकअप लावतो आणि तासाभरात 'सगळं पूर्ववत' असा मेल टाकतो. मला हा शब्द आता जपून वापरावासा वाटतो. सास्तुरात घरं दोन-चार वर्षांत उभी राहिली. आजीची झोप मात्र कधीच परत आली नाही.

असो. श्रीखंड छान झालं होतं. आपल्याकडचं जायफळ बहुतेक केरळातून येतं, ग्रेनाडाचं नसावं. तरी उरलेला तुकडा या खेपेला जरा जपूनच डबीत ठेवला.