मराठी पाचवी की इंग्रजी पहिली?

भाषा, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल हे पाचवी ते सातवीचे विषय आज इतके ओळखीचे झाले आहेत की ते कोणी कधी ठरवले असतील, असा प्रश्नच पडत नाही. ज्ञान वाढत गेले आणि तसतशी त्याची भर शाळेत पडत गेली, अशी आपली एक ढोबळ समजूत असते. मराठी मुलुखातल्या शाळांचा दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला काय शिकवायचे, हे ते मूल शाळा सोडून कुठे जाणार यावरून ठरत आले आहे. जिथे शिक्षण संपणार, तिथे जन्मभराच्या शिदोरीसारखे सगळे बांधून द्यावे लागते. जिथून पुढच्या शाळेत जायचे, तिथे पुढच्या शाळेला हवे तेवढेच पुरते. विषयांची नावे तीच राहिली तरी आतला माल या फरकाने बदलतो.

पंतोजींच्या शाळेत तर इतिहास-भूगोल नव्हतेच. १८२० च्या दशकात मुंबई सरकारने गावोगावच्या शाळांची चौकशी केली. ते कागद पुढे रा. वि. परुळेकरांनी छापून काढले. त्यांतून दिसणारी शाळा म्हणजे धूळपाटी, मोडी अक्षर आणि उजळणी. पण ही उजळणी केवळ बे एके बे नव्हती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच्या पाढे मुलांना मुखोद्गत असत. रुपयाचे आणे सोळा, मणाचे शेर चाळीस, खंडीचे मण वीस. साडेतीन रुपयांच्या भावाने सतरा नग घेतले तर साडेएकोणसाठ रुपये झाले, हे औटकी पाठ असलेला पोरगा कागदाला हात न लावता सांगे. याला घोकंपट्टी म्हणून नाके मुरडणारे तेव्हाही होते, आणि घोकंपट्टी ती होतीच. मात्र जे घोकले ते दुसऱ्या दिवशी दुकानात किंवा दप्तरात लागत असे. या शाळेवरचा खरा आक्षेप दुसराच आहे. दुकान आणि दप्तर ज्यांच्या घरी, मुख्यत्वे त्यांच्याच मुलांसाठी ती होती. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले तिच्या उंबऱ्याबाहेर होती. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडणे हे बंड ठरले, ते याच कारणाने.

इंग्रजी अमलात नवे विषय आले ते पुस्तकांच्या रूपाने. जॉर्ज जर्व्हिसने गणिताची पुस्तके मराठीत आणवली. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण निघाले. मेजर कँडीची क्रमिक पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या चालली. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ चा. काही वर्षांतच कॅप्टन केपनने केलेले त्याचे भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ या नावाने आले आणि शाळांत पोचले. पुढे १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी याच बखरीवर टीका लिहून तिच्यातल्या उणिवा दाखवल्या. मराठीतल्या चिकित्सक इतिहासलेखनाच्या सुरुवातीला एका शालेय पुस्तकाबद्दलची नाराजी होती, हे मला मोठे गमतीचे वाटते. आता कोणी म्हणेल की इतिहास-भूगोल आले ते मुलांचे क्षितिज रुंदावण्यासाठी, त्याचा शाळा संपण्याशी काय संबंध? हेतू तसाही असेल. पण त्या शाळेत पोर घालणाऱ्यांना काय हवे होते, ते जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात नेमके सापडते. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी तर त्यात आहेच. शिवाय विषयही त्यांनी मोजून दिले आहेत: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्य. इतिहास-भूगोलाला त्यांचा विरोध नव्हता. पण ज्या मुलाची शाळा बाराव्या वर्षी सुटणार, त्याला सावकाराचे मोडी खत वाचता आले पाहिजे आणि व्याज पडताळता आले पाहिजे, याचा त्यांना विसर पडला नाही. शेती आणि आरोग्य हे विषय यादीत येतात तेही त्याच हिशेबाने.

ही गोष्ट सर्वांत स्वच्छ दिसते ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. मराठी चौथी झाली की वाट फुटे. ऐपत असलेल्याचा मुलगा इंग्रजी पहिलीत जाई. ती सात इयत्तांची वाट मॅट्रिकला पोचे. बाकीचे मराठी पाचवी, सहावी, सातवी करून फायनल परीक्षेला बसत. जुनी माणसे हिलाच मुलकी परीक्षा म्हणत, कारण ती पास झालेल्याला मास्तरकी किंवा तलाठ्याची जागा मिळू शके. वय तेच, गाव तेच, कधी कधी घरही तेच, पण दप्तरे वेगळी. एकाच्या दप्तरात इंग्रजी आणि पुढे संस्कृत, बीजगणित, भूमिती. दुसऱ्याच्या दप्तरात मोडीचे कित्ते, व्याजाची आणि सरकतीची उदाहरणे, व्याकरण. अकरा वर्षांच्या मुलाला काय समजू शकते यावरून अभ्यास ठरत असता, तर या दोन दप्तरांत एवढा फरक पडला नसता. फायनलवाल्यांची भाषा आणि हिशेब पक्का, असा लौकिक होता आणि तो खोटा नव्हता. पण त्या पक्केपणाची किंमतही होती: हा रस्ता फायनलला संपत असे.

स्वातंत्र्यानंतर ही फारकत मोडली. १९३७ च्या वर्धा योजनेने सात वर्षांचे, हस्तोद्योगाभोवती गुंफलेले, इंग्रजीविरहित शिक्षण सुचवले होते. पुढे मुंबईच्या खेर सरकारने इंग्रजी आठवीपर्यंत पुढे ढकलली आणि पाचवी ते सातवी सगळ्यांची एकच झाली. सूतकताईचे तास मात्र फार काळ तग धरू शकले नाहीत. सातवी हा शेवट राहिलाच नव्हता. तो हायस्कूलचा जिना झाला होता, आणि जिन्यावर चरखा कोण मांडणार? १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाली आणि सर्व जिल्ह्यांत एकसारखी पुस्तके पोचू लागली.

या मांडणीवर एक आक्षेप वजनदार आहे. १९५७ साली दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-मीटर आले. औटकी-पावकी गेली ती त्यामुळे, सातवी ‘जिना’ झाल्यामुळे नव्हे. पाढ्यांपुरते हे मान्यच करायला हवे. पण मोडीचे काय? मोडीतली जमिनीची, जन्ममृत्यूची, व्यवहाराची दप्तरे कुठल्या कायद्याने बाद झाली नाहीत. ती कचेऱ्यांत जशीच्या तशी पडून होती, तरी मोडी वर्गातून गेली. हायस्कूलला तिची गरज नव्हती, एवढे कारण पुरले. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि त्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारी माणसे हुडकावी लागली. फायनल पास झालेल्या एखाद्या तलाठ्याने जे दप्तर सहज चाळले असते, त्यातली एकेक ओळ लावायला आता जाणकार बसवावे लागत होते.